‘शमुवेल’ नावाचा अर्थ सांगताना या चुका टाळा

बाळांच्या नावांच्या यादीत शमुवेलपुढे ‘देवाने ऐकले’ असा अर्थ हमखास दिलेला असतो. बायबलमधली शमुवेलच्या आईची, हन्नाची गोष्ट माहीत असली की तो पटतोही. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी हन्ना शिलो या तीर्थस्थानी नुसते ओठ हलवत प्रार्थना करते. एली याजकाला वाटते, ही दारू प्यायली आहे. ती नवस बोलते आणि पुढे तिला मुलगा होतो. देवाने ऐकले, यात शंका नाही. पण नावात ते नाही.

हिब्रूत ‘ऐकणे’ म्हणजे ‘शमा’, आणि त्या शब्दाच्या शेवटी ‘आयिन’ हे अक्षर असते. इश्माएल आणि शिमोन या नावांत ते आहे. शमुवेलची अक्षरे मात्र शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद अशी आहेत, आयिन नाहीच. देवनागरीत हा फरक उमटत नाही, म्हणून फसगत होते. अक्षरांना धरून पाहिले तर ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव. म्हणून ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव एल’ हा अर्थ जास्त टिकतो.

दुसरी चूक अधिक खोल आहे: बायबलमधल्या ‘1 शमुवेल’ या पुस्तकातली 1:20 ही ओवी शब्दकोशासारखी वाचणे. हन्ना म्हणते, याला मी परमेश्वराजवळ मागून घेतले. ‘मागणे’ या अर्थाचे तिचे क्रियापद आहे ‘शाअल’, आणि त्यातून सरळ निघते ते इस्राएलच्या पहिल्या राजाचे नाव, शाऊल! 1:28 मध्ये तर मुलगा परमेश्वराला दिला असे सांगताना मूळ शब्द हुबेहूब ‘शाऊल’ असाच लिहिला आहे. ही जन्मकथा आधी शाऊलाची असावी, असे काही अभ्यासक मानतात. मला तो जाणून केलेला शब्दखेळ वाटतो. पुढे शाऊलाला अभिषेक करणारा आणि देवाने त्याला नाकारल्याचे तोंडावर सांगणारा हाच शमुवेल. त्याच्या जन्मातच त्या राजाचे नाव ऐकू येते. तेव्हा ओवी चुकली असेही म्हणू नये, आणि ‘शमुवेल म्हणजे मागितलेला’ असे ठोकूनही देऊ नये.

शमुवेल, सामुएल, सॅम्युएल ही वेगळी नावे नव्हेत. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून ‘सा’ झाला. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजात याच नावाचे ‘समाजी’ झाले: मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच समाजी हसाजी दिवेकर. जुन्या कागदांत पूर्वज शोधताना ‘समाजी’ही तपासा.