नान्नजच्या माळावर लेन्स स्थिर केली ती ज्वारीने

सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्याकडे गाडीतून काळविटांचे फोटो काढताना ६०० मिमीच्या (दूरचं जवळ दाखवणाऱ्या) लेन्सवर फोटो किंचित हललेलेच यायचे. ट्रायपॉड गाडीत नीट उभा राहत नाही, आणि खाली उतरलं की कळप उधळतो. मोनोपॉडने (एका पायाच्या स्टँडने) वर-खाली हलणं थांबलं, डावं-उजवं तसंच राहिलं.

बंदुकीचे नेमबाज नळीखाली वाळूची पिशवी ठेवतात. (आपल्याकडे कायद्याने शिकार बंद झाली, फार बरं झालं.) तीच युक्ती कॅमेऱ्याला लागू पडली. शिंप्याकडून जाड कॅनव्हासची चेनवाली पिशवी शिवून घेतली आणि ज्वारी भरली. वाळू फार जड, शिवाय शिवणीतून गळते आणि लेन्सची वैरी. थर्माकोलच्या गोळ्या वजनाखाली दबतात. ज्वारीचा गोल दाणा मात्र दाबला की सरकतो आणि तिथेच धरून ठेवतो.

पिशवी गच्च भरू नका, पाऊण पुरे. गाडीच्या दाराची काच अर्धी खाली करा, पिशवी काचेच्या कडेवर दोन्ही बाजूंना लोंबती टाका, मध्ये मुठीने खोबण करा. लेन्सचा तोल जिथे साधतो, तो भाग त्यात टेकवा. इंजिन बंदच हवं, नाहीतर त्याची थरथर दारातून थेट लेन्सपर्यंत येते. आता काळविटाच्या शिंगावरची वळी न् वळी स्पष्ट दिसते.

पावसाळ्यात ज्वारी काढून ठेवा, दमट झाली की बुरशी धरते.