गोल्फच्या सुट्टीसाठी कोर्स कसा निवडावा

उन्हाच्या देशात गोल्फ खेळायला जायचं ठरलं, की बहुतेक जण आधी हॉटेल पक्कं करतात, मग एखादा नावाजलेला कोर्स (गोल्फचं मैदान) घेतात आणि उरलेले दिवस मिळेल त्या कोर्सवर काढतात. हा क्रम उलटा करा. आधी तारखा आणि गवत बघा, मग कोर्स आपल्या खेळाला झेपेल का ते तपासा, मग अंतरं मोजा. हॉटेल सगळ्यात शेवटी.

१. त्या तारखांना गवताची काय स्थिती असेल?

आभाळ निरभ्र असलं म्हणजे ग्रीनही (भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) उत्तम असतील असं नाही. उष्ण हवेच्या ठिकाणी बऱ्याच कोर्सवर बर्म्युडा गवत असतं. जमीन थंड झाली की त्याची वाढ थांबते आणि ते तपकिरी पडतं. हिवाळ्यातही हिरवळ टिकावी म्हणून अनेक कोर्स शरद ऋतूत त्यावर राय गवताचं बी पेरतात. त्यासाठी कोर्स काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही बंद राहतो. उघडल्यावरही काही काळ बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) पक्क्या रस्त्यावरून खाली उतरवू देत नाहीत. मग चेंडू फेअरवेच्या (ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) पलीकडच्या कडेला गेला, की हातात तीन-चार क्लब (गोल्फच्या काठ्या) घेऊन प्रत्येक फटक्याला पायपीट. उत्तर गोलार्धात हे काम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होतं, म्हणजे नेमकं पर्यटकांची वर्दळ वाढते तेव्हा.

ग्रीनला भोकं पाडून वाळू भरण्याचं कामही वर्षातून एक-दोनदा होतं. मुळांना हवा मिळावी म्हणून ते गरजेचंच आहे, पण त्यानंतर आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, चेंडू उड्या मारत जातो. ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळण्याचं शुल्क, मात्र बऱ्याचदा तीच राहते. म्हणून पैसे भरण्याआधी कोर्सला ईमेल करून तीन प्रश्न विचारा: आमच्या तारखांच्या आधी ग्रीनला भोकं कधी पाडणार? बी पेरणी कधी? बग्गी फेअरवेवर नेता येईल का? उत्तर मोघम आलं तर दुसरा कोर्स बघा.

हवामानाचा ढोबळ अंदाज असा: पोर्तुगालचं अल्गार्व्ह आणि स्पेनचा कोस्टा डेल सोल वसंतात आणि शरदात उत्तम, दुबई नोव्हेंबर ते मार्च, थायलंडचं हुआ हिन डिसेंबर ते फेब्रुवारी. मॉरिशसला वर्षभर खेळता येतं, पण जून ते सप्टेंबर आग्नेयेकडचे व्यापारी वारे जोरात असतात आणि पूर्व किनाऱ्याच्या कोर्सवर ते चांगलेच जाणवतात.

२. स्कोअरकार्ड वाचा

फोटो सगळ्याच कोर्सचे सुंदर असतात. खरी माहिती स्कोअरकार्डवर मिळते. तीन आकडे शोधा: पार (कोर्स पूर्ण करायला अपेक्षित फटके), कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागतील) आणि स्लोप (निष्णाताच्या तुलनेत साधारण खेळाडूला कोर्स किती अवघड जाईल). स्लोप ५५ ते १५५ या पट्ट्यात असतो आणि ११३ हा प्रमाण मानतात. तुमच्या हँडिकॅप इंडेक्सला (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) स्लोपने गुणा, ११३ ने भागा आणि रेटिंगमधून पार वजा करून येणारा फरक त्यात मिळवा. येईल तो त्या कोर्सवरचा तुमचा हँडिकॅप, म्हणजे पारपेक्षा जास्तीचे मिळणारे फटके.

समजा इंडेक्स २० आहे. एका कोर्सचा पार ७२, रेटिंग ७३.५ आणि स्लोप १४०, तर तिथे तुमचा हँडिकॅप २६. दुसऱ्याचा पार ७२ च, पण रेटिंग ६९.५ आणि स्लोप ११८, तर तिथे १८. खेळाडू तोच, तरी फरक आठ फटक्यांचा. स्लोप १३५ च्या वर असलेले कोर्स आठवड्यात एक, फार तर दोन ठेवा. रोज तसाच कोर्स घेतला तर तिसऱ्या दिवसापासून खेळाचा आनंद जातो आणि चेंडू शोधणंच उरतं.

हे आकडे टीनुसार (पहिला फटका मारण्याच्या जागेनुसार) बदलतात, त्यामुळे टीही घरूनच ठरवा. ५-आयर्न या क्लबने चेंडू नेहमी जितका जातो ते अंतर गुणिले ३६ हा सोपा हिशोब आहे. १५० यार्ड जात असेल तर सुमारे ५,४०० यार्डांचा कोर्स तुमच्यासाठी योग्य.

३. पाण्यावरून किती मारावं लागेल?

ही गोष्ट स्लोपमध्ये पूर्ण दिसत नाही, म्हणून आम्ही तिच्यावर जास्त भर देतो. उपग्रह नकाशा उघडा, तुमच्या टीपासून पाण्याच्या किंवा दरीच्या पलीकडच्या काठापर्यंतचं अंतर मोजण्याच्या साधनाने मोजा. चेंडू हवेत नेहमी जितका जातो (तुमचा सर्वोत्तम फटका नव्हे), त्यापेक्षा ते किमान २० यार्डांनी कमी हवं. समोरून वारा आला तर हेच २० यार्ड कामी येतात. ज्या कोर्सवर पाणी किंवा दरी जेमतेम ओलांडता येईल असे होल (टीपासून भोकापर्यंतचे कोर्सचे टप्पे) चारपेक्षा जास्त असतील, तो सोडा.

४. अंतर आणि वेळ

निवडलेले कोर्स नकाशावर टाका आणि सगळ्यांपासून अर्ध्या तासाच्या आत असलेलं हॉटेल घ्या. एक राउंड (अठरा होलचा खेळ) साधारण साडेचार तासांचा. त्याआधीचा पाऊण तास आणि दोन्ही बाजूंचा प्रवास धरला की अख्खा दिवस जातो. सात रात्रींत चार राउंड पुरतात, पाच म्हणजे भरपूर. पहिल्या दिवशी सोपा कोर्स, कठीण तिसऱ्या दिवशी. मधला एक दिवस मोकळा ठेवा, आवडलेला कोर्स पुन्हा खेळायला तो उपयोगी पडतो. दुसऱ्या वेळी तिथली वळणं माहीत असतात, त्यामुळे स्कोअर बहुधा सुधारतो.

दुपारनंतरचे टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) स्वस्त असतात, पण सूर्यास्ताची वेळ बघून त्यातून साडेचार तास वजा करा. हिवाळ्यात अठरा होल पूर्ण होतीलच असं नाही.

५. पैसे भरण्याआधी

ग्रीन फीमध्ये बग्गी धरली आहे का आणि ती सक्तीची आहे का, हे विचारा. थायलंडमध्ये बहुतेक कोर्सवर कॅडी (खेळाडूचा मदतनीस) घ्यावाच लागतो आणि त्याची बक्षिसी वेगळी. काही कोर्स हँडिकॅप प्रमाणपत्र मागतात आणि वरची मर्यादाही घालतात, तेव्हा ते छापून सोबत ठेवा. क्लब भाड्याने घेणार असाल तर डावखुऱ्यांनी आधीच लेखी मागणी करावी, कारण डाव्या हाताचे संच मोजकेच असतात.

पोहोचल्यावर सरावाच्या ग्रीनवर वीस मिनिटं द्या. बर्म्युडा गवताला दिशा असते. ते तुमच्याकडून पुढे झुकलेलं असेल तर चकाकतं आणि चेंडू वेगाने जातो, तुमच्याकडे झुकलेलं असेल तर गडद दिसतं आणि चेंडू अडतो. खात्री करायची तर चेंडू जिथे पडतो त्या भोकाची कड बघा: जी बाजू फाटकी आणि वाळलेली, त्या दिशेला गवत वाढतंय.