1967–69 कॅमेरोचे भाग: फॅक्टरीसारखं फिनिश देताना या चुका टाळा

रिस्टोअर केलेल्या, म्हणजे पुन्हा मूळ रूपात आणलेल्या शेव्हरले कॅमेरोचं बॉनेट उघडलं आणि आत सगळं एकसारखं काळं, चकचकीत दिसलं, तर काम बिघडलंय असं खुशाल समजा. अमेरिकेतल्या नॉरवुड आणि व्हॅन नाइसच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या या गाड्यांत हातभर जागेत चार वेगळी फिनिश शेजारी शेजारी नांदत. बॉनेटच्या बिजागऱ्या फॉस्फेटच्या राखाडी, पॉवर ब्रेक असतील तर बूस्टर (ब्रेकचा जोर वाढवणारा डबा) सोनेरी, त्याला लागून मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) उघड्या बिडाचा आणि मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) सेमी-ग्लॉस, म्हणजे अर्धवट चमकीची काळी. यातलं काहीच शोभेसाठी नव्हतं. गंज किती काळ थोपवायचा आणि त्यावर खर्च किती करायचा, एवढाच हिशेब. म्हणून भाग हातात घेतल्यावर आधी विचारायचं: हा बनला कसा आणि गाडीवर चढला कधी? रंगाचा प्रश्न त्यानंतर.

आधी ब्लास्टिंग, मग पश्चात्ताप

सगळ्यांत महागडी चूक पहिल्याच दिवशी होते. भाग सुटा झाला की थेट ब्लास्टिंगला (बारीक कणांचा मारा करून साफ करायला) जातो, आणि पुरावा तिथेच उडून जातो. तेलकट मळाच्या थराखाली मूळ फिनिश पुष्कळदा शाबूत असतं. मिनरल स्पिरिट आणि मऊ ब्रशने मळ हळूहळू उतरवा. तारेचा ब्रश नको. क्लॅम्पखाली, ब्रॅकेट टेकतं त्या जागी, वॉशरच्या गोलाकार सावलीत बघा. तपासनिसाने ओढलेला रंगाचा फराटा, खडूची खूण असं काही सापडलं तर दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. बोल्टच्या डोक्यावरची ‘टीआर’ किंवा ‘आरबीडब्ल्यू’ ही बनवणाऱ्याच्या खुणेची अक्षरंही टिपून ठेवा आणि बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. सगळे एकत्र प्लेटिंगला (धातूचा मुलामा चढवायला) दिले की सगळे एकाच रंगाचे होऊन येतात.

राखाडी फॉस्फेट म्हणजे रंग नव्हे

‘फॉस्फेट ग्रे’चा स्प्रे मारलेली बिजागरी नवी असताना बरी दिसते. चार वेळा बॉनेट उघडलं की सांध्यावरचा रंग खरवडून निघतो. खरं फॉस्फेट म्हणजे पोलादावर धरलेला बारीक स्फटिकांचा थर. त्यात तेल मुरतं आणि पत्र्याच्या कडा धारदारच राहतात. झिंक फॉस्फेट फिकट राखाडी, मँगनीज फॉस्फेट गडद. तेल लावल्यावर दोन्ही आणखी गडद होतात, त्यामुळे मूळ तुकड्याशी तुलना तेल मुरल्यावरच करा.

डाग पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बोटांचं तेल. ब्लास्टिंगनंतर नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय भागाला हात लावू नका. दुसरं कारण काचेचे मणी: ते पृष्ठभाग ठोकून बंद करतात आणि थर ठिगळांसारखा धरतो. 80 ते 120 ग्रिटचं ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा. भाग ज्यात बुडवायचा ते मँगनीज फॉस्फेटचं द्रावण 88 ते 93 अंश सेल्सिअसवर ठेवा. त्याहून थंड असेल तर थर विरळ येतो, उकळी फुटली तर गाळ तयार होऊन भागावर भुकटी बसते. ताज्या द्रावणात लोह नसल्यामुळे पहिला भाग फिका निघतो. म्हणून आधी तेल काढलेली स्टील वूल त्यात टाका. भांडं स्टेनलेसचंच हवं, ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड भांड्याने द्रावणच बिघडतं. साधारण 10 ते 20 मिनिटांत बुडबुडे थांबतात. मग गरम पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि तेलात रात्रभर राहू द्या.

बिजागरीच्या स्प्रिंगा मात्र गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताण आला की स्प्रिंग तुटते.

सोनेरी बूस्टर सपाट पिवळा का येतो

मूळ बूस्टरवर कॅडमियम धातूचा मुलामा आणि वर पिवळं क्रोमेट (पातळ रासायनिक थर) असे. कॅडमियम विषारी असल्यामुळे आज बहुतेक ठिकाणी झिंक मिळतं. ते चालतं, पण प्लेटिंगवाल्याला हेक्साव्हॅलंट क्रोमेट हवं असं स्पष्ट सांगा. सोनेरीत हिरव्या-तांबूस छटा खेळतात त्या त्याच्यामुळे. ट्रायव्हॅलंट या दुसऱ्या प्रकारच्या क्रोमेटला पिवळा डाय लावला की एकसुरी हळद दिसते.

क्रोमेट पारदर्शक असतं, खालचं काहीही झाकत नाही. ब्लास्ट केलेला बूस्टर सोनेरी वाळूसारखा मंद दिसतो, खड्डे जसेच्या तसे राहतात. पत्रा आधी घासून गुळगुळीत करा. कडक पोलादाचे भाग सोबत असतील तर आत शिरलेला हायड्रोजन निघावा म्हणून प्लेटिंगनंतर 4 तासांच्या आत 190 अंश सेल्सिअसवर किमान 4 तास भाजायला सांगा आणि क्रोमेट त्यानंतर. क्रम उलटला तर 66 अंशांपुढे क्रोमेटचा थर तडकतो आणि त्याचा उपयोग संपतो.

काळा, पण किती काळा

पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भाजून चढवलेला थर) टिकाऊ असतं, तरी अशा गाडीवर ते शोभत नाही. जाड थराखाली कास्टिंगचा (ओतीव भागाचा) पोत आणि पार्ट नंबर बुजतात. सेमी-ग्लॉस रंगात चमक मारणारं द्रव्य डब्याच्या तळाशी बसतं. नीट ढवळलं नाही तर पहिला हात चकचकीत आणि शेवटचा खडूसारखा येतो. जाड हात एकदम मारला तरी चमकदार चट्टे उमटतात. भागाबरोबरच एक पत्र्याचा तुकडा रंगवा आणि वाळल्यावर 60 अंशांच्या कोनातून चमक मोजणाऱ्या ग्लॉसमीटरने मोजा.

उघडं बीड उघडंच ठेवा

मास्टर सिलिंडरवर क्लिअर कोट मारायचा मोह आवरा. ब्रेक ऑइल सांडलं की तो फुगतो, कालांतराने पिवळा पडतो. मेणयुक्त गंजरोधकाचा पातळ हात पुसून घ्या आणि गाडी धुतली की पुन्हा लावा. इंधनटाकीला मूळ शिसे-कथलाचा मुलामा होता, त्यामुळे चकाकती गॅल्व्हनाइज्ड टाकी खाली लगेच नजरेत भरते.

सुटं सुटं रंगवलेलं इंजिन

शेव्हरले ऑरेंज रंग जोडलेल्या इंजिनावर मारला जाई. वॉटर पंप आणि बॅलन्सर (इंजिनाची थरथर शोषणारं पुढचं चाक) नारिंगी असत. अल्टरनेटर आणि पुली नंतर चढत, त्यांच्यावर नारिंगी ठिपकासुद्धा नको. प्रत्येक भाग वेगळा रंगवून जोडला की गॅस्केटच्या कडा आणि बोल्टची डोकी कोरी राहतात, आणि तिथेच काम उघडं पडतं. म्हणून इंजिन जोडा, मग फवारा. बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) कडेने रंग उडाला तर पुसू नका. इंजिन तापलं की तो धूर करत जळेल, खालचं राखाडी बीड वर येईल. कारखान्यातून आलेल्या गाडीतही हेच होत असे.