आधी टेप, मग तिकीट : व्हीलचेअरवरून अंदमान

माझी खुर्ची २५ इंच रुंद आहे. रक्तगट विचारला तर क्षणभर आठवावा लागतो, हा आकडा नाही. पंधरा वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात कमरेखालचं सगळं गेलं, तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आईची शिवणकामाची टेप असते. गेल्या फेब्रुवारीत धाकटी बहीण आणि भाचा यांच्यासोबत आठ दिवस अंदमानला जाऊन आले, ती सहल निम्मी त्या टेपवर झाली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

हॉटेलपासून सुरुवात करा, विमानापासून नाही. आणि फोनवर 'व्हीलचेअर चालेल का?' असं कधीही विचारू नका. समोरचा माणूस सज्जन असतो, तो 'हो हो, बिलकुल' म्हणतो. असंच एकदा एका ठिकाणी (अंदमानात नाही) पोचलो, तर रिसेप्शनपर्यंत छान उतार आणि बाथरूमचं दार २२ इंच. दोन दिवस बहिणीनं मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून ओढत आत नेलं. तिसऱ्या दिवशी भाच्यानं हॉटेलवाल्याला विचारून दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि पडदा लावला. दीड इंच मिळाला. पण २२ आणि दीड म्हणजे साडेतेवीस, आणि मी पंचवीस!

म्हणून आता मी फोटो मागते. दारावर टेप धरलेला फोटो, आकडा दिसेल असा. चौकटीचं माप नको. दार पूर्ण उघडल्यावर फळी सोडून जी मोकळी जागा उरते तिचं माप हवं. आपल्या खुर्चीपेक्षा तीन इंच तरी जास्त धरा, कारण चाक फिरवणारे हातही त्याच दारातून जायचे असतात. मग पलंगाची उंची. माझी गादीसकट बसायची उंची २० इंच, पलंग १८ ते २१ असला तर मी फळीवरून सरकत एकटी जाते. हल्लीचे उंच, फुगीर गाद्यांचे पलंग म्हणजे कडा चढणं. कमोडच्या बाजूला खुर्ची लावायला जागा आहे का, आणि बाथरूमच्या उंबऱ्याला किती पायरी, हेही विचारा. पायरी असेल तर हिशोब सोपा आहे : एक इंच चढाला एक फूट उतार. चार इंचांच्या पायरीला चार फुटांची प्लायवूडची फळी लागते, आणि ती बहुतेक हॉटेलं सांगितलं तर करून ठेवतात. 'थोडीशी पायरी आहे' या वाक्यावर मात्र विश्वास नको. थोडीशी म्हणजे किती इंच?

सरकायची फळी म्हणाले ती सुताराकडून करून घेतलेली आहे. २८ इंच लांब, ८ इंच रुंद, कडा गोल घासलेल्या, वर पॉलिश. तयार मिळतात त्या फळ्या महाग असतात आणि काम हेच करतात. टॅक्सी ठरवताना मोठी उंच गाडी घेऊ नका, सगळे तीच सुचवतात. साध्या सेडानची सीट खुर्चीच्या उंचीला जवळ येते आणि फळी आडवी बसते. डिकीत गॅसची टाकी नाही ना, तेवढं बघा, नाहीतर खुर्ची मांडीवर घ्यावी लागेल.

तारखा ठरवताना मी कालनिर्णय काढलं, तेव्हा बहीण हसली. पण कोकणात ज्यांची सासुरवाडी आहे त्यांना हे कळेल. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाला, बोटीनं जायचं असतं, आणि धक्का जागचा हलत नाही, बोट पाण्याबरोबर वरखाली होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती आणि ओहोटीतला फरक सगळ्यात मोठा. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. म्हणून बोटीचा दिवस भांगाचा धरला. धक्क्यावरून बोटीत जायचं फळकुट जवळजवळ सपाट होतं, दोघा खलाशांनी खुर्ची मागून-पुढून धरली आणि अर्ध्या मिनिटात आत. परतीचा दिवस मात्र नाइलाजानं पौर्णिमेला लागून आला. ओहोटी होती, बोट खाली गेलेली, फळकुट घसरगुंडीसारखं. तेव्हा उलटं उतरायचं : तोंड धक्क्याकडे, पाठ बोटीकडे, एक माणूस मागे, एक पुढे. समोर तोंड करून उतरलात तर पुढची छोटी चाकं अडकतात आणि आपण सरळ पुढे पडतो. खुर्ची कुठे धरायची हे तुम्हीच मोठ्यानं सांगा. हात टेकायचे दांडे बऱ्याच खुर्च्यांचे निघतात, आणि मदत करणारा माणूस नेमका तेच धरतो.

तिकीट काढताना सीट कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा आणि जिना न लागणारीच घ्या. वरची महागडी सीट आपल्या कामाची नाही.

विमानाचं त्या मानानं सोपं. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका. तीन प्रकार असतात : लांब चालवत नाही, जिना चढवत नाही, आणि अजिबात उभं राहता येत नाही. माझा तिसरा, त्याला डब्ल्यूसीएचसी म्हणतात. तो लिहिला की सीटपर्यंत न्यायला अरुंद खुर्ची येते, आणि एरोब्रिज नसेल तिथे शिडीऐवजी ॲम्ब्युलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, मागता येते. चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास ठेवा, कारण आपण सगळ्यात शेवटी उतरतो. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यायची आणि दारातच परत मागायची. गादी, पाय ठेवायच्या पट्ट्या, जे जे निघतं ते काढून सोबत घ्या, आणि खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढा. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरी किती वॅट-अवरची ते बुकिंगच्या वेळीच सांगा, विमानतळावर वाद घालायला वेळ नसतो.

आता समुद्र. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच्या निकषांत अपंगांसाठी सोयी हाही मुद्दा आहे. (सरकार दिव्यांग म्हणतं. मी अपंगच म्हणते, त्यात पंधरा वर्षं राहते आहे.) तरी त्या दिवशी तिथे काय चालू आहे, मोठ्या फुग्यासारख्या चाकांची खुर्ची आहे का, हे हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारायला लावा. नसेल तर आपली खुर्ची मागे कलवून, पुढची चाकं हवेत ठेवून, उलटी ओढत न्यायची. कोरड्या वाळूत दहा फूट म्हणजे भाच्याचा घाम. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर मी स्वतः चाकं फिरवली. चाकांच्या रेघा मागे, पाणी पुढे, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणी 'मावशी, थांब' म्हणून मागे पळत आलं.

एलिफंट बीच, बारातांगच्या गुहा, नील बेटावरचा खडकातला नैसर्गिक पूल हे सगळं मी सोडलं. सगळ्यांनी सोडावं असं नाही, पण दिवसभर दुसऱ्यांच्या पाठीवर बसून फिरायची मला हौस नाही. रॉस बेटावर, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, बॅटरीच्या गाड्या असतात, तिथे जरूर जा.

तब्येतीचं थोडं स्पष्ट लिहिते. मणक्याची इजा असेल तर इजेखाली घाम येत नाही, अंग तापत राहतं आणि कळत नाही. फवारणीची बाटली आणि ओला पंचा सतत जवळ ठेवा, दुपारी ११ ते ३ खोलीतच राहा. पाय पाण्यात सोडायचे तर बूट घालून. प्रवाळानं कापलं तर आपल्याला दुखणार नाही, रक्त दुसऱ्यालाच आधी दिसेल. बोटीत, विमानात दर वीस-तीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचला. कॅथेटर आठ दिवसांचे लागत असतील तर बारा दिवसांचे न्या, अर्धे हातातल्या बॅगेत. मोठं इस्पितळ श्री विजयपुरमला, जुन्या पोर्ट ब्लेअरला आहे. हॅवलॉकला प्राथमिक केंद्रच. म्हणून बेटावरचे दिवस मधे ठेवा, शेवटचे दोन शहरात. रोज संध्याकाळी खुर्ची गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, पुढच्या चाकांच्या बेअरिंगला तेल. एक दिवस आळस केला तर दुसऱ्या सकाळी चाक किरकिरलं.

सेल्युलर जेल आम्ही शेवटी ठेवलं. अंगणातून खुर्ची फिरते. ध्वनी-प्रकाशाच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी जा आणि रांगेच्या टोकाची एक खुर्ची काढायला सांगा. फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास अंधारायला लागतं, तेव्हा दुपारच्या झोपेवर जाऊ नका. पण सावरकर १९११ ते १९२१ ज्या कोठडीत होते ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. जिना. तिथे टेपचं काही काम नाही. उचलून नेऊ का, असं दोघांनी विचारलं, मी नको म्हटलं. बहीण फोन घेऊन वर गेली, मी खाली सावलीत थांबले.

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. सुरुवातीची तीन मिनिटं नुसत्या पायऱ्या आणि तिच्या धापा आहेत, मध्येच 'ताई, अजून एक मजला गं' असं ऐकू येतं, आणि कोठडी आली तेव्हा तिचं बोट कॅमेऱ्यावर.