बालअत्याचाऱ्याला कठोर शिक्षा: आपले मत तपासून कसे घ्यावे

लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कानावर आले की अनेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते 'अशांना भर चौकात फाशी दिली पाहिजे' हेच. या वाक्यामागचा संताप खोटा नसतो आणि त्याबद्दल कोणी ओशाळण्याचे कारणही नाही. मात्र तेच वाक्य निवेदनात लिहून त्याखाली सही करणे, कायदा बदलण्याची मागणी करणे किंवा अशी मागणी करणाऱ्याला मत देणे ही वेगळी कृती आहे, कारण तिचे परिणाम ज्या मुलांना भोगावे लागतात त्यांना आपण कधी पाहिलेलेही नसते. अशी मागणी करण्यापूर्वी ती नैतिकदृष्ट्या कशी तपासावी, याची एक रीत येथे मांडली आहे.

सर्वप्रथम 'कठोर' या शब्दाचा आपल्या मनातला अर्थ कागदावर लिहून काढावा. फाशी, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, न्यायाधीशाला कमी करता येणार नाही अशी किमान शिक्षा, औषधे देऊन कामेच्छा दडपणे, गुन्हेगारांच्या नावांची जाहीर नोंदवही, आणि 'तुरुंगातले कैदीच त्याच्याकडे बघून घेतील' ही उघडपणे न बोललेली अपेक्षा, या सर्व निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या समर्थनार्थ दिलेले कारण दुसरीला लागू पडेलच असे नाही. 'अत्याचार' या शब्दाचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे चाललेले लैंगिक शोषण, एकदाच केलेला अश्लील स्पर्श, उपाशी ठेवणे, जीवघेणी मारहाण, आणि शोषणाची चित्रे जवळ बाळगणे या साऱ्यांत मुलाचे नुकसान आहे. पण त्या सर्वांना एकच शिक्षा मागणारा माणूस सर्वांत भीषण गुन्ह्याचे वेगळेपण नकळत पुसून टाकत असतो.

त्यानंतर संतापाचे कारणांत रूपांतर करावे. हा गुन्हा इतका जड का, हे आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. मुलाला स्वतःचा बचाव करता येत नाही. पुष्कळदा आपल्या बाबतीत काय घडते आहे, त्याला नाव काय, हेही त्याला ठाऊक नसते. ज्याच्या आधाराने ते वाढते त्याच आधाराचा हत्यार म्हणून वापर होतो, आणि गुप्ततेचे ओझेही त्याच्याच खांद्यावर टाकले जाते. एवढी कारणे मांडल्यावर गुन्हेगाराला दीर्घ कारावास होणे उचित आहे, हे सिद्ध करण्यासाठी वेगळ्या उपयुक्ततेचा दाखला द्यावा लागत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्ये हीच भूमिका घेतली होती: शिक्षा द्यायची ती माणसाने गुन्हा केला म्हणून, त्याला इतरांच्या भल्याचे निव्वळ साधन बनवण्यासाठी नव्हे. इंग्लंडचे जेरेमी बेंथम यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. त्यांच्या मते प्रत्येक शिक्षा मुळात एक अनिष्ट गोष्टच असते, आणि तिच्यामुळे त्याहून मोठे अनिष्ट टळत असेल तरच ती समर्थनीय ठरते. या दोघांपैकी कोणा एकाची बाजू घेणे आवश्यक नाही. परंतु आपली मागणी 'तो याच लायकीचा आहे' या आधारावर उभी आहे की 'यामुळे पुढची मुले वाचतील' या आधारावर, हे स्वतःशी स्पष्ट केलेच पाहिजे. पहिल्या आधारासाठी गुन्हा किती जड आहे हे दाखवावे लागते, तर दुसऱ्यासाठी पुरावा द्यावा लागतो, आणि बहुतेक वादांत लोक पहिल्या आधारावर बोलायला सुरुवात करून दुसऱ्याचे श्रेय घेऊन मोकळे होतात.

आता सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत वेळ घेणारे काम. आपण सुचवत असलेली शिक्षा अत्याचार सोसणाऱ्या मुलाच्या जागी उभे राहून पाहावी. डोळ्यांपुढे सहसा अनोळखी नराधम येतो, आणि तिथेच विचाराची दिशा चुकते. भारतातील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बालकांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असल्याचे दिसून आले आहे, आणि इतर देशांतील चित्रही फारसे वेगळे नाही. आरोपी वडील, काका, शिक्षक, शेजारी किंवा कुटुंबाचा विश्वासू मित्र असतो. तेव्हा कल्पना करावी ती अशा मुलीची, जिला सांगण्यात आले आहे की 'तू बोललीस तर बाबांना फासावर चढवतील.' घर त्या माणसाच्या कमाईवर चालते, आजी त्याच्यासाठी रडते, आणि अनेकदा त्या मुलीलाही तो माणूस नकोसा झालेला नसतो. नकोसे झालेले असते ते त्याचे वागणे. ही मुलगी बोलेल का, आणि बोललीच तर न्यायालयात फितूर होण्यासाठी तिच्यावर किती दडपण येईल, हा प्रश्न शिक्षेच्या नैतिकतेपासून वेगळा काढता येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केनेडी विरुद्ध लुईझियाना या खटल्यात २५ जून २००८ रोजी, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, ज्यात मुलाचा मृत्यू झालेला नाही आणि तसा हेतूही नव्हता अशा बालबलात्काराला फाशी देणे घटनाबाह्य ठरवले. त्या निर्णयात हीच चिंता स्पष्टपणे मांडलेली आहे: फाशीच्या भीतीने कुटुंबे गुन्हा दडपतील, आणि बलात्कार व खून या दोन्हींची शिक्षा एकच असेल तर गुन्हेगाराला एकमेव साक्षीदार, म्हणजे ते मूल, जिवंत ठेवण्याचे काहीच कारण उरणार नाही. अल्पमतातील न्यायाधीशांना हे पटले नाही; अशा धोरणात्मक शंकांवरून शिक्षा घटनाबाह्य ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने या निर्णयाला आव्हान देणारा कायदा केला. भारतात बलात्कारविषयक कायद्यांत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस करण्याचे नाकारले होते, तरी २०१९ मध्ये मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्यात दुरुस्ती होऊन काही गंभीर प्रकारांसाठी फाशीची तरतूद करण्यात आली. थोडक्यात, विचारी माणसेही येथे दोन्ही बाजूंना आढळतात, आणि विरुद्ध मताच्या माणसाला 'तू गुन्हेगाराच्या बाजूचा' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

याच ठिकाणी दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने तोलावी, कारण सौम्य शिक्षेनेही मुले गप्प होतात. बोलल्यानंतर सहा महिन्यांत तोच माणूस त्याच घरी परत येणार असेल, तर बोलण्याची किंमत एकट्या मुलानेच मोजलेली असते. म्हणून 'शिक्षा वाढली की मुले बोलत नाहीत' हे वाक्य सरसकट नियम म्हणून वापरू नये. मूल मोठे होईपर्यंत गुन्हेगार त्याच्यापासून दूर राहील याची खात्री देणारी शिक्षा, आणि मुलाच्या मनावर एका माणसाच्या मृत्यूचा भार टाकणारी शिक्षा, यांत फरक करावा, एवढाच या परीक्षेचा अर्थ आहे.

जरब बसण्याचा मुद्दा यानंतर घ्यावा. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच म्हटले होते की गुन्हा रोखण्यात शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री अधिक परिणामकारक असते. बालअत्याचाराच्या बाबतीत ते विशेष खरे वाटते, कारण असे कृत्य करणारा माणूस कायद्यातील वर्षे मोजत नाही. मूल बोलणार नाही आणि बोलले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, यावर त्याची सारी भिस्त असते. या भरवशालाच तडा द्यायचा असेल तर प्रशिक्षित तपास अधिकारी, मुलाला आरोपीसमोर उभे न करणारे न्यायालय आणि वेळेत निकाली निघणारा खटला यांची गरज आहे. हा खर्चाचा आणि कंटाळवाणा मार्ग आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात 'मृत्युदंड' हा शब्द घालण्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सरकारे दुसरा मार्ग का निवडतात हे त्यावरून समजते.

त्याचप्रमाणे चूक झाली तर काय, हेही विचारावे. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या प्रकरणात १९८३ मध्ये आरोप झाले, शेकडो मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि १९९० मध्ये सर्व काही संपले तेव्हा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता. मुले खोटे बोलतात, असा याचा अर्थ काढणे हा मुलांवर दुसरा अन्याय होईल. मोठ्यांनी सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, अपेक्षित उत्तराला शाबासकी दिली, आणि त्यामुळे खरे काय ते शोधण्याचा मार्गच बंद झाला, हा त्यातला धडा आहे. मुलाचा जबाब खुल्या प्रश्नांनी, प्रशिक्षित व्यक्तीने आणि ध्वनिचित्रमुद्रणासह घेतला जात नाही तिथे परत न घेता येणारी शिक्षा मागणे मला समर्थनीय वाटत नाही.

न्यायालयाबाहेरच्या शिक्षेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २००० मध्ये लहान मुलांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरच्या घरावर बालशोषक असल्याचे शब्द रंगवण्यात आले, कारण इंग्रजीत बालरोगतज्ज्ञ (पीडिआट्रिशियन) आणि बालशोषक (पीडोफाइल) या दोन शब्दांचा आरंभ सारखा आहे. जमावाला खातरजमा करण्याची सवय नसते. कैद्यांकडून होणाऱ्या मारहाणीला मूक संमती देणे हेही यातलेच आहे, कारण जी शिक्षा देण्याची हिंमत कायद्याने उघडपणे केली नाही ती आपण अंधारात दुसऱ्या गुन्हेगारांकरवी देत असतो.

गुन्हेगार स्वतः अठरा वर्षांखालील असेल तर सारी मोजमापे बदलतात, आणि हा अपवाद वाटतो तितका विरळा नाही: अमेरिकेत पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या अशा गुन्ह्यांत एक तृतीयांशाहून अधिक गुन्हेगार अल्पवयीन असल्याचे २००९ च्या एका अभ्यासात आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारानुसार (१९८९, कलम ३७) अल्पवयीनाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. 'त्याच्यावरही लहानपणी अत्याचार झाला होता' हे कारण मात्र जपून वापरावे. त्यामुळे उपचाराची दिशा कळू शकते, पण जबाबदारी नाहीशी होत नाही. अत्याचार सोसलेली बहुसंख्य माणसे कधीही कोणावर अत्याचार करत नाहीत, आणि हे कारण ऐकताना त्यांना काय वाटत असेल याचे भान बोलणाऱ्याने ठेवावे.

'हे लोक कधीच सुधारत नाहीत' हा दावाही तपासून पाहावा. १९९८ मध्ये ६१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात लैंगिक गुन्हेगारांपैकी सुमारे १३ टक्के चार ते पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करताना आढळले. हा आकडा उघडकीस आलेल्या गुन्ह्यांचा आहे, खरा आकडा त्याहून मोठाच असणार. तरीही 'सगळे' आणि 'काही' यांत अंतर आहे, आणि तुरुंगातील उपचार व सुटकेनंतरची देखरेख यांना त्या अंतरातच अर्थ प्राप्त होतो. औषधांनी कामेच्छा दडपण्याबद्दल माझे मत असे की संमतीने आणि वैद्यकीय देखरेखीखाली तो उपचार होऊ शकतो, परंतु शिक्षा म्हणून लादल्यावर तो केवळ शरीरावरचा सूड उरतो, आणि अत्याचारामागे बहुधा असलेली सत्तेची लालसा त्याने कमी होत नाही.

मत जाहीर करताना पीडित मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, आणि त्या मुलासमोर 'त्याला फाशीच हवी ना?' असे विचारून निकालाचा भार त्याच्यावर टाकू नये. कुटुंबाचे म्हणणे अवश्य ऐकावे. कुटुंब कमी शिक्षेवर समाधानी असेल तर त्यांना भेकड ठरवू नये, अधिक मागत असेल तर क्रूर ठरवू नये.

या साऱ्यातून मी जिथे पोहोचलो ते सांगतो. अत्यंत गंभीर प्रकारांत जन्मठेप, इतर गंभीर प्रकारांत दीर्घ कारावास, त्यानंतर मुलांशी संबंधित काम करण्यास कायमची बंदी, आणि फाशी कोणत्याही प्रकारात नाही. वाचकाचे मत वेगळे असू शकेल, पण निवेदन लिहायला बसल्यावर 'नराधमाला फाशी द्या' या एका ओळीच्या जागी निदान इतके लिहावे: आरोपीला खटला संपेपर्यंत मुलाच्या घरापासून दूर ठेवावे, आणि त्याला हलवणे शक्य नसल्यास मुलाला त्याच्या इच्छेने सुरक्षित ठिकाणी ठेवावे, जबाब एकदाच आणि प्रशिक्षित व्यक्तीने घ्यावा, खटला ठरलेल्या मुदतीत संपवावा, दोष सिद्ध झाल्यास गुन्ह्याच्या प्रमाणात दीर्घ शिक्षा द्यावी आणि ती का दिली याची कारणे निकालपत्रात नोंदवावीत, आणि आरोपीला शिक्षा झाली वा न झाली, तरी मुलाच्या समुपदेशनाचा, उपचाराचा व शिक्षणाचा खर्च त्याला गरज असेल तोपर्यंत शासनाने उचलावा.