हरभरा पेरण्याआधी नव्या वावराचा माग काढा

नवं वावर घेतलं की आपण मोजणी करून घेतो, फेरफार झाला का ते बघतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते चार जणांना विचारतो. वावर जंगलाला लागून असेल तर मात्र त्यात आणखी काही वहिवाटदार असतात आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त सापडत नाही. चितळ, रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, कुठे काळवीट. सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं आणि हरभरा पेरायला आठ-दहा दिवस आहेत, हीच त्यांची ओळख करून घ्यायची वेळ. जमीन उघडी असते, ओल असते, खूर स्पष्ट उठतात. नंतर पीक वाढलं की माग दिसत नाही, फक्त नुकसान दिसतं.

मी स्वतः हे उलट्या क्रमाने शिकलो. जंगलकडेचं वावर घेतलं त्या वर्षी आधी कुंपण केलं आणि जनावरं कोणती येतात ते नंतर कळलं. दुकानदाराने चार तारा सांगितल्या, मी चार ओढल्या. खालची तार गुडघ्याला लागेल एवढी उंच. पंधरा दिवसांनी त्याच तारेच्या काट्यांना राठ काळे केस अडकलेले दिसले, टोकाला दुभंगलेले. रानडुकराचे. ती मंडळी रोज रात्री तारेखालून निवांत ये-जा करत होती आणि चितळंही त्यांच्याच वाटेने आत येत होती. चितळाला उडी मारता येते, पण वाकून जाण्याइतकी जागा मिळाली तर ते उडी मारण्याच्या भानगडीत पडत नाही.

म्हणून पहिलं काम माणसांना विचारायचं. तुमच्या आधी ते वावर मक्त्याने कोण करत होतं त्याला भेटा आणि गावाच्या गायकीला भेटा. गायकी रोज त्याच कडेने गुरं नेतो. कोणत्या नाल्यातून रोही उतरतात हे त्याला पाठ असतं. शेजारच्या धुऱ्यावाल्याला (धुरा म्हणजे बांध) विचारताना ‘नुकसान होतं का?’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. ‘मागच्या साली कोणत्या तासापासून, म्हणजे पिकाच्या कोणत्या ओळीपासून खाल्लं?’ असं विचारा. मग बोट दाखवून उत्तर येतं.

त्यानंतर सात दिवस मागपट्टी ठेवा. जंगलाकडच्या धुऱ्याला लागून हातभर रुंदीची पट्टी वखरून घ्या, ढेकळं फोडा, वरून फळी फिरवून माती मऊ आणि सपाट करा. संध्याकाळी झाडूसारखी फांदी फिरवायची आणि सकाळी ऊन तिरपं असतानाच वाचायची. डोक्यावर ऊन आलं की खुरातली सावली जाते आणि माग दिसेनासा होतो. चितळाचा खूर लहान, तीन बोटांत मावणारा, पुढे टोकदार, दोन पाकळ्या जवळजवळ. रोहीचा खूर मोठा, गोऱ्ह्याच्या खुरासारखा. डुकराच्या खुराची टोकं बोथट, आणि ओल्या मातीत मागच्या बाजूला दोन आखूड नख्या बाहेरच्या अंगाला फाकून उमटतात. त्या दिसल्या की शंका राहत नाही. किती आले यापेक्षा कुठून आले आणि कुठून गेले ते वहीत काढून ठेवा. नाला, पांदण, मोहाचं झाड, पाण्याचा डोह, कुंपणातली फट असा साधा नकाशा. सात दिवसांत बहुधा दोन किंवा तीनच वाटा पक्क्या होतात. जनावर रोज नवी वाट काढत नाही.

लेंड्यांवरूनही बरंच कळतं. चितळाची लेंडी बकरीसारखीच, पण एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला जरा खोलगट. शेजारी कळपाचे खूर आणि बाभळीच्या शेंगा चघळल्याच्या खुणा असल्या तर ती बकरीचीच समजा. रोही मात्र पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतं. धुऱ्यावर वरचा थर ओला चकचकीत आणि खालचा वाळून पांढरा पडलेला असा ढीग दिसला तर रोहीचा मुक्काम कालपरवाचा नाही, जुना आहे. काळवीट नरही आपल्या हद्दीत असे ढीग करतो, पण तो उघड्या माळावरचा प्राणी. दाट जंगलाच्या कडेला तो सहसा नसतो.

कोवळा हरभरा खाल्लेला असेल तर एक झाड उपटून हातात घ्या आणि तुटलेलं टोक डोळ्याजवळ धरा. चाकूने तिरपं कापल्यासारखं स्वच्छ असेल तर तो ससा. चितळ, रोही, काळवीट यांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात; खालचे दात वरच्या कडक हिरडीवर दाबून ते पाला ओढून तोडतात, त्यामुळे टोक फाटलेलं, तंतू लोंबणारं असतं. माती उकरलेली असेल, झाड मुळासकट आडवं असेल तर डुक्कर. कमरेच्या वरची तूर खुडलेली असेल तर बहुधा रोही किंवा सांबर. ससा खाऊन जातो आणि आपण रोहीच्या नावाने पाच फुटी कुंपण घालतो, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे.

आता पेरणी. जंगलाकडची बाजू हरभऱ्याला देऊ नका. तिकडे करडई किंवा जवस घ्या. काटेरी करडईचे चार-सहा तास हरभऱ्याभोवती पेरायची आपल्याकडची जुनी रीत आहे. करडई काट्यावर आली की जनावराचं तोंड आणि पाय दोन्ही अडतात. पण ती काट्यावर यायला वेळ लागतो, तोवर हरभरा कोवळाच असतो. म्हणून करडई शक्य तर आधी पेरा. हरभऱ्यासोबतच पेरली तर पहिला महिना राखण करावीच लागते. आणि पहिल्या महिन्यात थोडे शेंडे खाल्ले म्हणून हाय खाऊ नका. भाजीसाठी बाया शेंडे खुडतात तेव्हा झाड फुटवे धरतं, तसंच इथेही होतं. फुलोऱ्यानंतर खाल्लेलं मात्र भरून निघत नाही. सगळी ताकद त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

जुन्या साड्या, बाटल्या, फटाके, चमकणाऱ्या पट्ट्या, कटिंगच्या दुकानातले केस: हे सगळं चालतं, पण आठ-दहा दिवस. मग जनावर सरावतं. म्हणून हे उपाय पेरणीच्या दिवशीच लावून बसू नका. फुलोऱ्यापासून सुरू करा, दर चार दिवसांनी जागा आणि प्रकार बदला, आणि नकाशात ज्या वाटा पक्क्या झाल्या तिथेच लावा. अख्ख्या धुऱ्याला साड्या बांधून वावर लग्नघरासारखं दिसतं, बाकी काही होत नाही.

कुंपण करायचं तर सौर कुंपण, आणि तेही शेजाऱ्यांसोबत. हिशेब साधा आहे. चौकोनी एका एकराचा घेर सुमारे 255 मीटर भरतो. चौकोनीच नऊ एकरांचा घेर सुमारे 765 मीटर, म्हणजे एकरी 85 मीटर. तार, खांब, मजुरी सगळं एक तृतीयांशावर येतं. वावरं लांबट असली तर आकडा बदलेल, पण दिशा हीच. जंगललगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. तुमचं गाव यादीत आहे का आणि यंदाचे नियम काय, ते वन परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा.

डुक्कर असेल तर खालची तार जमिनीपासून वीतभरच वर हवी. रोही-चितळासाठी वरची छातीच्या उंचीला. झटका मशीनचा असतो, क्षणभराचा, साधारण सेकंदाला एक. तो घाबरवतो, मारत नाही. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून पंधरा दिवसांनी खालचं गवत काढायचं. अर्थिंगचा रॉड कोरड्या मुरमात ठोकला तर झटका नावापुरताच राहतो. तिथे अधूनमधून पाणी टाका. आणि तारा ओढल्या त्याच संध्याकाळी मशीन सुरू करा. बंद तारेतून जनावर एकदा सुखरूप गेलं की पुढे त्याला ती तार पटत नाही. नाल्याकडची त्यांची जुनी वाट कुंपणाच्या बाहेर मोकळी ठेवा, नाहीतर ते वाट शोधत तारेला धडका देत राहतात आणि तुम्ही खांब दुरुस्त करत राहता.

लाइनच्या खांबावरून आकडा टाकून थेट वीज तारेत सोडणं, हे कोणी सुचवलं तर त्या माणसाशी पुढे बोलू नका. विदर्भात त्या तारांनी वाघ मेले आहेत, बैल मेले आहेत आणि पहाटे पाणी द्यायला निघालेले शेतकरीही मेले आहेत. फासे, विष, सुतळी बॉम्ब यांचंही तेच. नव्या वावराच्या धुऱ्याला चालताना क्लच वायरचा फास सापडला तर फोटो काढा आणि वनरक्षकाला कळवा. तुमच्या हद्दीत तो राहिला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. 1926 या क्रमांकावर वनविभागाची हेल्पलाइन आहे.

शिकारीचं म्हणाल तर माझा एक भाचा टेक्सासात असतो. तिकडे 1930 च्या आसपास आपली रोही आणि 1932 मध्ये आपली चितळं नेऊन सोडली; आज ती मोकळी फिरतात आणि खासगी रानांचे मालक पैसे घेऊन त्यांची शिकार करू देतात. भाचा म्हणतो, मामा, तुम्हीही करा. इथे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराबाबत कलम 11 खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती त्यानेच द्यायची असते, वावर आपलं आहे म्हणून आपण ठरवायची नसते. काळवीट तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या जनावरांच्या यादीत आहे.

नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज गेला पाहिजे. पंचनाम्याआधी खाल्लेला पट्टा वखरू नका. फोटोत पीक, माग आणि धुऱ्याची ओळखीची खूण तिन्ही येऊ द्या. नव्या मालकाची इथेच फसगत होते: सातबाऱ्यावर जुनंच नाव असतं किंवा ई-पीक पाहणीत हरभरा लागलेला नसतो आणि प्रकरण टेबलावर पडून राहतं. पेरणी झाल्या झाल्या ही दोन्ही कामं उरका.

विहिरीला कठडा नसेल तर तो कुंपणाआधी बांधा. रात्री पळणारं रोही विहिरीत पडलं की जनावर जातं आणि पाणीही. शेततळ्याला प्लास्टिक असेल तर एका कोपऱ्यात जाड दोर किंवा जुने टायर बांधून सोडा. ओल्या प्लास्टिकवर खूर टिकत नाही.

जिथे चितळ आहे तिथे त्याच्यामागे वाघ-बिबट्या येऊ शकतो, हे नव्या माणसाने धरूनच चालावं. मागपट्टीवर नख्यांशिवायचा मोठा गोल पंजा दिसला तर व्हॉट्सॲपवर टाकू नका. वनरक्षकाला सांगा आणि घरच्यांना सांगा. कापूस वेचायला दिवस वर आल्यावरच जा, दोघा-तिघांनी जा, बोलत जा. रात्रीची जागल करायची तर मचाणावर, एकट्याने नाही, जमिनीवर झोपून तर मुळीच नाही.

आणि तुरीच्या तासात कधी ठिपक्यांचं पिल्लू मुटकुळं करून बसलेलं दिसलं तर उचलून घरी आणू नका. आई त्याला तिथे लपवून चरायला गेलेली असते. तेवढा तास सोडून पुढे जा, कुत्रं बांधून ठेवा, संध्याकाळी लांबून बघा. बहुतेक वेळा दुसऱ्या सकाळी तिथे फक्त दबलेलं गवत असतं.