सुझान लेंगलेनचं चरित्र लिहिताना आकडे कुठे चुकतात

फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंगलेनवर (1899–1938) लिहायला बसलं की पहिल्याच वाक्यात अडखळायला होतं. एकेरीची मोठी विजेतेपदं किती लिहायची, 8 की 12? हे दोन्ही आकडे नोंदींतूनच निघतात. म्हणून मजकुराआधी एक तक्ता करा. रकाने चार: वर्ष, स्पर्धा, त्या वर्षीचा नियम आणि निकाल. नियमाचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि चूक तिथूनच शिरते.

सुरुवात फ्रेंच स्पर्धेपासून करा. 1924 पर्यंत ती फक्त फ्रेंच क्लबांच्या सदस्यांसाठी होती, परदेशी खेळाडूंना 1925 पासून प्रवेश मिळाला. लेंगलेनने ती 1920 ते 1923 आणि पुन्हा 1925, 1926 अशी सहा वेळा जिंकली. आंतरराष्ट्रीय म्हणून शेवटची दोनच धरली जातात. विम्बल्डनची सहा (1919 ते 1923 आणि 1925) त्यांत मिळवली की 8 होतात, पहिली चारही धरली की 12. आम्ही 8 लिहितो आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं वेगळ्या वाक्यात देतो. तिच्या कारकिर्दीत टेनिसमध्ये ‘ग्रँड स्लॅम’ (आजच्या चार प्रमुख स्पर्धांसाठीचा) हा शब्द रूढच नव्हता, तेव्हा ही मोजणी आजची आहे हेही लिहा.

विम्बल्डनचा खाचखळगा निराळा. 1921 पर्यंत तिथे ‘चॅलेंज राउंड’ होता. गतविजेती थेट शेवटच्या सामन्यात उतरायची आणि बाकीच्यांतून जिंकून आलेली तिला आव्हान द्यायची. त्यामुळे 1920 आणि 1921 साली लेंगलेनला एकेरीच्या विजेतेपदासाठी प्रत्येकी एकच सामना खेळावा लागला. ‘सर्व फेऱ्या पार करत’ असं या दोन वर्षांबद्दल लिहिलंत तर ते सपशेल चूक. 1922 पासून ही पद्धत गेली. त्याच वर्षी स्पर्धा वर्पल रोडवरून चर्च रोडच्या मैदानावर आली, तेव्हा 1919 च्या वर्णनात आजचं सेंटर कोर्ट आणू नका.

1919 च्या विम्बल्डनमधल्या शेवटच्या सामन्याला मात्र ऐसपैस जागा द्या. तिच्या कारकिर्दीचं खरं दार तिथे उघडतं. समोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स होती, वय 40, सात वेळची विजेती. लेंगलेन 20 वर्षांची. निकाल 10-8, 4-6, 9-7. आधी जिंकणारीचे गेम लिहितात, म्हणून 4-6 म्हणजे तो सेट लेंगलेन हरली. टायब्रेक (बरोबरीतला सेट निकाली काढणारा निर्णायक गेम) नसल्याने दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा. तीन सेटमध्ये मिळून 44 गेम झाले. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स 6-5, 40-15 अशी पुढे असताना तिच्याकडे दोन मॅच पॉइंट (सामना जिंकून देणारे गुण) होते, ते लेंगलेनने वाचवले. ‘थरारक लढत’ लिहिण्याऐवजी हा गुणफलकच द्या, वाचकाचा श्वास आपोआप अडकतो.

शब्दही फसवतात. 1914 साली 15 व्या वर्षी तिने जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली. तेव्हाचं हे ‘हार्ड कोर्ट’ म्हणजे मातीचं कोर्ट, आजचं सिमेंटसारखं टणक कोर्ट नव्हे. तसंच ‘रिटायर्ड’. 1921 मध्ये अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट 2-6 गमावल्यावर, दुसऱ्याच्या सुरुवातीलाच लेंगलेनने सामना सोडला. निकालपत्रकात ‘रिटायर्ड’ दिसतं, त्याचं भाषांतर ‘निवृत्त झाली’ असं केलं की तिची कारकीर्द पाच वर्षं आधीच संपते!

अशीच गफलत 1926 ची. त्या वर्षी विम्बल्डनमध्ये वेळापत्रकाचा घोळ झाला, राणी मेरी प्रेक्षागृहात वाट पाहत राहिली आणि पुढे लेंगलेनने स्पर्धेतून माघार घेतली. त्यानंतर ती व्यावसायिक झाली. याला ‘टेनिस सोडलं’ म्हणणं अन्यायाचं आहे. मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंपुरत्याच होत्या आणि व्यावसायिकांना त्यांची दारं 1968 साली उघडली. म्हणजे पैसे घेऊन खेळायचं तर विम्बल्डन गमवायचं, हाच सौदा होता. अमेरिकेच्या दौऱ्यात मेरी ब्राउनविरुद्धचे सगळे 38 सामने तिने जिंकले. हौशी विजेतेपदांच्या यादीत ते दिसणार नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद ठेवा.

दुहेरी विसरू नका. विम्बल्डनला एलिझाबेथ रायनसोबत सहा, मिश्र दुहेरीत तीन, एकेरी धरून एकूण 15. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये एकेरी आणि मिश्र दुहेरीत सुवर्ण, महिला दुहेरीत कांस्य.

शेवटी प्रतिस्पर्ध्यांची आडनावं तपासा. चेंबर्सची 1903, 1904 आणि 1906 ची विजेतेपदं ‘डग्लस’ या माहेरच्या नावाखाली सापडतात. मॅलरीची 1915 ते 1918 ची अमेरिकन विजेतेपदं ‘ब्युर्स्टेट’ नावाखाली. नाव जुळवलं नाही, तर एकाच बाईच्या दोन खेळाडू होतात आणि लेंगलेनने कोणाला हरवलं याचं वजनच कळत नाही.